विंडोज लिंक कोणाच्या हातात देते

गाववाल्यांनो, आज माणसाची किळस आली.

मी सुरतले कापडाच्या गोदामात पार्सलचं काम करून राहिलो. आठवी नापास आहो, पण मोबाइलवर पाहू पाहू एक लहानसा प्रोग्राम बनवला. तो गोदामाच्या कम्प्युटरवर पार्सलची लिंक आपोआप उघडते.

आज मालकासमोर लिंक उघडली अन् स्क्रीनभर घाणेरड्या जाहिराती! मी पांढुर्ण्याचा, आमचा सुपरवायझर विनोददादा नदीपल्याडच्या सावरगावचा. तो मोठ्यानं म्हणे, "काय बे पांढुर्ण्या, दिवसभर हेच पाहतं का?" मालक म्हणाला, "कल से मत आना."

मी प्रोग्राममध्ये दोन ओळी टाकून विंडोजलेच विचारलं, की लिंक उघडायचं काम तू कोणाले देऊन ठेवलं? उत्तरात भलत्याच ब्राउझरचं नाव निघालं. काल विनोददादानं आपल्या दोन गावांच्या गोटमारीतल्या दगडफेकीचा व्हिडिओ पाहायले याच कम्प्युटरवर फुकटचा प्लेअर टाकला होता, त्याच्यासंगं हा जाहिरातीवाला ब्राउझर घुसला.

दादाले दाखवलं, तं हळूच म्हणते, "मालकाले सांगू नको रे, आपण एकाच नदीचे."

थुंकावं वाटलं. स्क्रीनचा फोटो काढून मालकाले पाठवला. त्यानं पाहिला, पण उत्तर नाही.

तुम्ही असते तं उद्या कामावर गेले असते का?