पुतळ्याला दिलेला आवाज

फौजेतली माझी शेवटची पाच वर्षं एका पुतळ्याबरोबर गेली. सैन्याच्या वैद्यकीय शाखेत मी नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो होतो. उत्तरेच्या थंडीत, ईशान्येच्या जंगलात, मिळेल तिथे जखमा बांधल्या, सुया टोचल्या, स्ट्रेचर उचलले. निवृत्ती जवळ आल्यावर एका प्रशिक्षण केंद्रावर माझी उस्ताद म्हणून नेमणूक झाली. जखमी जवानाला दवाखान्यात पोचेपर्यंत जिवंत कसं ठेवायचं, हे तिथे नवीन पोरांना शिकवायचं. त्यासाठी जखमी जवानाच्या जागी हा पुतळा होता.

पुतळा परदेशी बनावटीचा, माणसाएवढा आणि माणसाएवढाच जड. त्याची छाती वर-खाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या व्हायच्या. मांडीतल्या नळीतून लाल पाणी उसळायचं आणि पोरांनी पट्टा नीट आवळला तरच थांबायचं. खोलीत धूर सोडायचा, गोळीबाराचा आवाज लावायचा, दिवे मंद करायचे. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत मी कॉम्प्युटरपुढे बसायचो. पोरांनी उशीर केला की मी नाडी कमी करायचो, फारच चुकले की पुतळा मारून टाकायचो. मग सगळ्यांना समोर बसवून, कुणाचं काय चुकलं ते बोलायचं. फौजेत चुकायची जागा हीच, असं मी त्यांना सांगायचो, आणि ते मला मनापासून पटलेलं होतं.

अडचण होती ती पुतळ्याच्या आवाजाची. त्याच्या डोक्यात स्पीकर होता, आणि त्यात कंपनीने भरलेला एक गोरा माणूस इंग्रजीत मदत मागायचा. ते ऐकलं की पोरं गालातल्या गालात हसायची. मग मी स्वतः मायक्रोफोनवर कण्हून पाहिलं. त्यांनी उस्तादाचा आवाज लगेच ओळखला आणि आणखी हसली. आमचे मोठे साहेब एकदा म्हणाले, "पुतळा आहे हे ज्या क्षणी विसरतील, त्या क्षणापासून शिकतील. आवाजाचं काहीतरी करा." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पुढचे काही महिने कुठेही कुणी ओरडलं की माझे कान टवकारले जायचे.

त्याच वर्षी मी सुट्टीवर घरी, नरपडला आलो. आमची चिकूची वाडी आहे. चिकू उतरवायला तलासरीच्या एका पाड्यावरचा एक माणूस आणि त्याची बायको यायची, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. तो माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. तरी मी त्याला 'अरे-तुरे'च करायचो, कारण आमच्या घरात सगळे तसंच करत. तोही मला 'तू'च म्हणायचा, कारण त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू'. मात्र पुढे 'भाऊ' लावायचा.

सकाळी नऊच्या सुमाराला तो झाडावरून पडला. पहाटेचं दव अजून फांद्यांवर होतं, त्याचा पाय सटकला. मी पडवीत चहा पीत होतो. धावलो तेव्हा तो झाडाखाली आडवा होता आणि उजव्या मांडीचा आकार पाहूनच मला कळलं की हाड मोडलंय. मी पाय सरळ केला तेव्हा त्याने किंकाळी फोडली. तशी किंकाळी मी पूर्वी ऐकली होती, पण फार वर्षांत ऐकली नव्हती. पुढचं सगळं मी नीट केलं. वाडीतला बांबू तोडून घेतला, दोन्ही बाजूंनी लावला, टॉवेल आणि त्याच्या बायकोच्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पाय बांधला, पावलाची नाडी पाहिली, बोटं गरम आहेत का ते पाहिलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्याचं कण्हणं हळूहळू कमी झालं आणि तो डोळे मिटून पडून राहिला.

करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. गाडी यायला वेळ होता. माझ्या मनात आलं, तो आवाज गेला. पहिल्या किंकाळीच्या वेळी मोबाइल खिशात बंद होता.

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. मग खाली बसलो आणि बांधून झालेल्या पायाला, मोडलेल्या जागेच्या थोडं वर, हात लावला. नुसता लावला नाही, दाबला. त्याने डोळे उघडले. "सोड," म्हणाला. "भाऊ, सोड. सोड ना." मी एकदाच दाबलं असतं तरी ते वाईटच होतं. पण पहिल्या वेळी गावातली एक मोटरसायकल जवळून गेली होती आणि आवाज नीट आला नसेल असं वाटलं, म्हणून मी पुन्हा दाबलं.

हे मी गेल्या वर्षापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्याला डहाणूला नेलं, तिथून पुढे वापीला. मांडीत सळी घातली. मी दोन दिवस त्याच्यासोबत दवाखान्यात राहिलो, डबा नेऊन दिला, डॉक्टरांशी बोललो. गावात सगळे म्हणाले की भाऊ होता म्हणून पाय राहिला. मीही ते ऐकून घेतलं. मग सुट्टी संपली.

केंद्रावर परतल्यावर मी ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर टाकलं. त्यात माझा आवाज होता, मागे त्याची बायको काहीतरी बोलत होती. ते सगळं कापलं. उरलं ते फक्त त्याचं कण्हणं, दोन किंकाळ्या आणि 'सोड ना'. दुसऱ्या दिवशी चार पोरांची तुकडी खोलीत आली, धूर सुटला आणि मी बटण दाबलं. चौघेही जागच्या जागी थिजले. एकाच्या हातातून पट्टा पडला. मग ते कामाला लागले, आणि कुणीही हसलं नाही. नंतरच्या चर्चेत एक पोरगा बोलता-बोलता थांबला आणि त्याने डोळे पुसले. मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. वार्षिक समारंभात मला प्रशंसापत्र मिळालं. ते मी चौकटीत बसवून घरी पाठवलं.

काही आठवड्यांनी एका पोराने विचारलं. तो दक्षिणेकडचा होता, मराठी त्याच्या कानावर कधी पडलेली नव्हती. "उस्ताद, ये 'सोड, सोड' क्या बोलता है?"

"पानी माँग रहा है," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मलाच नवल वाटलं. पुढे मी त्याचा धडाच केला. जखमी पाणी मागेल, ऑपरेशन व्हायचं असेल तर देऊ नका, ओठ ओले करा. पोरं पुतळ्याचे ओठ ओल्या कापसाने पुसायची. स्पीकरमधून तो म्हणत राहायचा, सोड, भाऊ, सोड.

सवय सगळ्याचीच होते. दुसऱ्या वर्षी लंगरमध्ये कुणी ताटात जास्त डाळ वाढली की पोरं ओरडायची, "सोड ना, भाऊ, सोड!" सगळे हसायचे. चालही अगदी हुबेहूब, शेवटचं अक्षर तसंच ओढलेलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं ताट घेऊन बाहेर गेलो. मी उस्ताद होतो, एका शब्दात ते बंद करू शकलो असतो. पण बंद करायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

एकदा उत्तरेकडच्या एका चौकीवरून माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने बर्फात एका जवानाचा पाय बांधला होता आणि जवान वाचला होता. तो म्हणाला, "उस्ताद, तो ओरडत होता, पण माझे हात थरथरले नाहीत. तो आवाज मी आधी ऐकला होता." मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. मी फोन ठेवला आणि स्वतःशी हिशेब मांडू लागलो, की एका माणसाला दोनदा दुखवलं, पण एक जवान वाचला. फार वेळ मांडता आला नाही. त्या माणसाने मला तो आवाज दिलाच नव्हता. मी घेतला होता.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन नरपडला आलो. तो माणूस आता झाडावर चढत नव्हता. पाय थोडा आखूड झाला होता. बायको यायची, तो पाड्यावरच असायचा. मी दोन महिने काढले आणि मग एका सकाळी मोटरसायकल काढून तलासरीला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. पण किती सांगायचं, ते मी रस्ताभर ठरवत होतो.

तो अंगणात बसून टोपली विणत होता. मला पाहून उठला. शेजारचे दोघे-तिघे आले, तेव्हा त्याने माझी ओळख करून दिली. "यानेच माझा पाय वाचवला. बांधला, पुन्हा तपासला. दोनदा तपासला. डॉक्टरसुद्धा एवढा बघत नाय." बायकोने आतून बाज आणून टाकली. मी बसलो.

"मी तेव्हा तुझा आवाज मोबाइलमध्ये घेतला होता," मी म्हणालो. "तिकडे फौजेत पोरांना शिकवायला एक पुतळा असतो. त्याला तुझा आवाज दिला. तुला न विचारता."

तो हसला. "माझा आवाज मिलिटरीत?"

"हो."

"पोरं ऐकतात?"

"चार वर्षं ऐकताहेत."

त्याने ते शेजाऱ्यांना पुन्हा सांगितलं. कुणीतरी म्हणालं, मग याला फौजेची टोपी द्या. सगळे हसले. मला वाटलं, सुटलो. एवढ्यावर उठलो असतो तर तो आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिला असता आणि मी माझी चूक कबूल केली असं मला स्वतःला सांगता आलं असतं.

तो म्हणाला, "मोबाइलमध्ये हाय का अजून? लाव."

होतं. नाही म्हणायला मला काही कारण सुचलं नाही. मी ते लावलं. आणि लावल्यावर लक्षात आलं की चार वर्षं मी कापलेलंच ऐकत होतो. मोबाइलमध्ये मूळ रेकॉर्डिंग होतं, सगळ्यासकट. आधी पानांची सळसळ आली. मग माझा आवाज, "थांब, जरा बघू दे." मग त्याची किंकाळी आणि 'सोड', त्यावरूनच मोटरसायकल गेली. मग बायकोचा आवाज, अगदी स्पष्ट: "बांधलाय ना, भाऊ. आता कशाला हात लावतोस?" मोटरसायकल गेली.  मग पुन्हा माझा आवाज, "अजून एकदा." आणि दुसरी किंकाळी. "सोड. भाऊ, सोड. सोड ना."

हसणारे थांबले होते. बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

तो म्हणाला, "तपासत होतास ना?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. त्याने ती मला दिली होती, असं अजूनही वाटतं.

"नाही," मी म्हणालो. "तपासून झालं होतं. आवाज हवा होता म्हणून दाबलं."

त्याने अर्धी टोपली मांडीवर घेतली आणि एक पट्टी आत ओवली, दुसरी ओवली. शेजारी एक-एक करून निघून गेले. बायको म्हणाली, "मी तेव्हाच बोलली होती." मग आत गेली.

"माझं चुकलं," मी म्हणालो. त्याने मान हलवली, हो अशी. माफ केलं असं ते मुळीच नव्हतं. चुकलं हे खरं आहे, एवढंच.

"तिकडे अजून वाजतो?" त्याने विचारलं.

"हो."

"बंद कर."

मी तिथेच त्याच्यासमोर मोबाइलमधून ते काढून टाकलं. केंद्रावर माझ्या जागी आलेल्या उस्तादाला फोन लावायला मात्र अंगणाबाहेर, रस्त्यावर आलो, कारण त्याच्यासमोर ते सगळं हिंदीत सांगायचं धाडस होत नव्हतं. नवा उस्ताद म्हणाला, "साहेब, तोच तर आमच्याकडचा सगळ्यात चांगला आवाज आहे. का काढायचा?" मी त्याला का ते सांगितलं. दाबल्याचं सांगितलं, आणि 'सोड'चा अर्थही.  तो म्हणाला, "काढतो." त्याने काढला की नाही, हे मी नंतर विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, याचीही आता लाज वाटते.

त्या दिवसापासून तलासरीच्या त्या माणसाची बायको आमच्या वाडीत येत नाही. आशागडजवळच्या दुसऱ्या एका वाडीत जाते. घरी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं.  भिंतीवरचं प्रशंसापत्र मी काढायला गेलो तर माझी बायको म्हणाली, "राहू दे. काढून काय होणार?" ते अजून तिथेच आहे. पाहुणे वाचतात आणि विचारतात की हे कशासाठी मिळालं. मी कधी सांगतो, कधी नाही.

तालुक्याच्या एका शाळेने मला प्रथमोपचार शिकवायला बोलावलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग गेलो. पुतळा मिळेल का असं मुख्याध्यापिकांनी विचारलं, मी नको म्हणालो. मुलांनी एकमेकांचे पाय बांधले. बांधताना समोरचा थांब म्हणाला की हात काढायचा आणि विचारायचं, एवढंच मी पहिल्या तासाला शिकवलं. एका मुलीने विचारलं, "आणि तो नुसताच घाबरून म्हणत असेल तर?" मी म्हणालो, तरी काढायचा. 

मागच्या सोमवारी तलासरीच्या बाजारात तो दिसला. काठी टेकत मिरच्या घेत होता. मी जवळ गेलो. त्याने पाहिलं, "भाऊ" म्हणाला आणि पुन्हा मिरच्यांकडे वळला. मी थोडा वेळ उभा राहिलो. त्याची पिशवी भरली, तेव्हा ती उचलायला हात पुढे केला. तो म्हणाला, "राहू दे, मी घेतो." आणि घेऊन गेला.