मुळात एक माळीण होती

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराबाहेर कोणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही, आणि कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. त्यामुळे कोऱ्या कागदासमोर बसलो की कोणीतरी मागून येऊन 'हे तुझं काम आहे का?' असं विचारील, अशी धास्ती वाटते. शिवाय ज्या व्यक्तीविषयी लिहायचं ती माझी सख्खी आत्या. तिला कळलं तर आधी ती हसेल आणि मग माझे कान धरील. तरी हे धाडस करतो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. कारण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. सिनेमापेक्षा मूळ कादंबरी चांगली होती असं म्हणणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण मूळ कादंबरीच्या बाजूने माझ्या आत्याइतकं कडाकडा भांडणारं माणूस सबंध नाशकात सापडणार नाही. आणि आत्याने ती कादंबरी वाचलेली नव्हती.

आत्या पंचवटीत एका गल्लीत दोन खोल्यांत राहते आणि गजरे, हार करून विकते. आमच्या मळ्यातली फुलं माझे वडील, म्हणजे दादा, रोज पहाटे बाजारात आणतात, त्यातली एक पाटी बहिणीकडे टाकून चहा पिऊन जातात. कॉलेजसाठी मी तिच्याकडेच राहायला होतो. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, एका वाचनालयात शिपाई होते. दुपारी वाचनालय सामसूम असायचं. त्या वेळात मामा जे हाताला येईल ते वाचत आणि संध्याकाळी आत्या गजरे ओवायला बसली की तिला सांगत. असंच एकदा त्यांच्या हाती एक परदेशी कादंबरी लागली. मराठीत आणलेली, तीन जाडजूड भागांची. एका राज्याची नदी शिळेची राणी चोरून नेते आणि एक राजपुत्र ती परत आणायला निघतो, अशी ती गोष्ट. मामांनी ती पुरवून पुरवून, जवळजवळ दोन वर्षं सांगितली. त्यांनी नाशिक जिल्हा कधी ओलांडलेला नव्हता, त्यामुळे त्या गोष्टीतले डोंगर वणीच्या गडासारखे होते, जंगल हरसूलकडचं होतं आणि सैनिक नागलीची भाकरी खात होते. आणि त्या गोष्टीत एक माळीण होती.

ही माळीण फौजेच्या मागोमाग डोक्यावर फुलांची पाटी घेऊन चालायची. लढाईत पडलेल्या प्रत्येकावर, तो आपला असो की शत्रूचा, एक फूल ठेवायची. संध्याकाळी चूल मांडून फौजेला जेवू घालायची. राजपुत्र तलवार उपसून तावातावाने बोलायला लागला की ती म्हणायची, "आधी हातपाय धुऊन घे, मग राज्य कर." आत्याचा त्या माळणीवर फार जीव. पण तिसऱ्या भागात फौज काळदरीच्या काठाशी आली, आणि राजपुत्र माळणीला म्हणाला, "बाई, तुम्ही इथंच थांबा. नदी सुटली की तुम्हाला न्यायला येतो." मामा म्हणाले, "बाकीचं उद्या." दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयातच त्यांच्या छातीत दुखलं आणि ते गेले.

तेव्हापासून माळीण त्या काठावर उभी होती. तिला न्यायला कोणी आलं का, एवढं एकच आत्याला या जगाकडून कळायला हवं होतं. तिला वाचता येत नाही, आणि पुस्तक दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणं तिला नको वाटायचं. "त्यांच्या तोंडची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी कशी घालू?" ती म्हणायची. म्हणून त्या कादंबरीवर तीन भागांत सिनेमा निघतोय हे मी तिला मोबाईलवर दाखवलं, तेव्हा तिच्या हातातला मोगरा तसाच राहिला. सिनेमा कोणाच्या तोंडचा नसतो, तो चालण्यासारखा होता.

कॉलेज रोडवरच्या मल्टिप्लेक्सात पहिला भाग लागला. आत्या फुलांची पिशवी घेऊनच आली, कारण रिकाम्या हाताने तीन तास बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं. दारावरच्या गार्डने पिशवी उघडली.

"मावशी, बाहेरचं खायचं आत चालत नाही."

"मोगरा खातोस का तू?"

"नाही."

"मंग?"

गार्डने पिशवी मिटून परत दिली. अंधारात आत्याची बोटं चालू लागली. ती न बघता गाठी मारते, पण पडद्यावर काही भयंकर झालं की बोटं आपोआप थबकायची. त्या दिवशीच्या गजऱ्यात जिथं जिथं दोरा मोकळा राहिला होता, तिथं तिथं लढाई झाली होती. आणि तोंड तर एकदाही थांबलं नाही. सिनेमा हिंदीत केलेला होता, यावर तिचा पहिला आक्षेप: "मुळात तो मराठी बोलायचा." मग डोंगर आला. "मुळात असा नव्हता. असा गोल गोल काय? सरळ कडे होते, गडासारखे." मग राजपुत्र आला. "मुळात सावळा होता." पुढच्या रांगेतल्या एका मुलीने वळून विचारलं, "आजी, तुम्ही बुक वाचलंय?" आत्या म्हणाली, "बाई, मी ऐकलंय." आणि हे तिने अशा काही थाटात सांगितलं, की जणू वाचणं ही ऐकण्याच्या खालची पायरी असावी. मध्यंतरानंतर ती मुलगी आपणहून वळून विचारू लागली, "आजी, हे ओरिजिनलमध्ये होतं का?"

दुसऱ्या भागात आत्याचा पारा आणखी चढला. पहिल्यात माळीण दिसली नाही, म्हणजे दुसऱ्यासाठी राखून ठेवली असेल अशी तिने समजूत करून घेतली होती. पण दुसऱ्यातही फौज नुसतीच चालली, लढली, आणि पुन्हा चालली. "एवढी माणसं चालवली, पण चूल कुठं पेटलेली दिसली का तुला?" घरी येताना ती म्हणाली. "माळीणच नाय तर यांना खायला कोण घालतं रं? पडलेल्यांवर फूल कोणी ठेवलं? तशीच टाकून गेले." तिला खरंच वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने जास्तीची फुलं घेतली आणि गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, सोडून आली. कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

हळूहळू तो 'मुळात' तिच्या सगळ्या बोलण्यात शिरला. मिसळीचा रस्सा मुळात असा पातळ नव्हता. समोरची सून मुळात अशी नव्हती, तिला नवऱ्याने बिघडवलं. रिक्षावाले, पेढे, गल्लीतलं मांजर, सगळ्यांची एक मूळ प्रत तिच्याकडे होती आणि आता दिसतं ते त्या प्रतीवरून कोणीतरी घाईघाईने काढलेलं होतं. "मुळात तू गोरा होतास," ती मला म्हणायची, "कॉलेजात जाऊन करपलास." मला ती 'प्रोफेसर' म्हणते. मी घरी आलो की पहिलं वाक्य ठरलेलं: "प्रोफेसर, आधी हातपाय धू, मंग अभ्यास कर."

कॉलेजच्या लायब्ररीत मला त्या कादंबरीचे तिन्ही भाग मिळाले. म्हटलं, आपणच बघावं. वाचायला मला वेळ लागतो, एवढी मोठी पुस्तकं मी आधी वाचलेली नव्हती. पहिल्या भागात माळीण आली नाही. दुसऱ्यात आली नाही. तिसरा भाग मी दोनदा वाचला. काळदरी होती. काठावर फौज होती. माळीण नव्हती. लायब्ररीत पंखा फिरत होता आणि मी पुस्तक मिटून बसलो होतो. मला आठवलं, मामांच्या गोष्टीतली माळीण दोरा कडेच्या दाताने तोडायची, कारण तिचा पुढचा दात लहानपणी विहिरीच्या काठावर पडून अर्धा तुटला होता. आत्याने हे मला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि दर वेळी सांगताना कडेच्या दाताने दोरा तोडला होता. तिच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

तडक घरी आलो. "आत्या, मी ती कादंबरी वाचली," एवढंच म्हणालो, तर तिने हातातली फुलं टाकून माझ्या तोंडावर पंजा ठेवला. "सांगू नको! शेवटचा सिनेमा यायचा हाय अजून. एक शब्द बोललास तर जेवायला देणार नाय." पंजाला मोगऱ्याचा वास होता. मी बोलायला गेलो की ती कानात बोटं घालून मोठमोठ्याने आरती म्हणायची. असे बरेच दिवस गेले.

तिसरा भाग आम्ही रविवारी दुपारी पाहिला. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसली होती. या वेळी ती काही बोलली नाही, 'मुळात' म्हणाली नाही. फुलं मांडीवर तशीच होती. राणी भंगली, नदी सुटली, राजपुत्र गादीवर बसला, लोक टाळ्या वाजवून उठले. पडद्यावर नावं सरकू लागली, तरी आत्या बसूनच. "नावं संपल्यावर येईल," ती म्हणाली. नावं संपली. झाडू घेऊन माणसं आत आली आणि दिवे लागले.

रिक्षात बसल्यावर तिने पिशवी उघडली आणि ओवायला लागली. पुलाच्या अलीकडे म्हणाली, "नाय आली."

"नाही आली."

"आता सांग. पुस्तकात तिला न्यायला कोण येतं?"

मी म्हणालो, "आत्या, पुस्तकात ती नाही. तिन्ही भागांत कुठंच नाही."

"नीट वाचलं का?"

"दोनदा वाचलं."

"पान फाटलं असंल."

"एकही पान फाटलेलं नव्हतं, आत्या."

रिक्षावाल्याला राहवलं नाही. "मावशी, घरातलं कोणी हरवलंय का? पोलिसात दिलंत?"

"तू पुढं बघून चालव," आत्या त्याला म्हणाली, आणि मला म्हणाली, "मंग ती आली कुठून?"

गजरा पुरा झाला होता. तिने दोरा तोंडाशी नेला, कडेच्या दाताखाली धरला, आणि तशीच थांबली. मी तिच्याकडे बघतोय हे तिने पाहिलं. जिभेने तिने पुढचा तुटका दात चाचपला. रिक्षा पुलावर आली. खाली गंगेवर माणसं कपडे वाळत घालत होती.

"काय माणूस म्हणावा तुझा मामा," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "म्हणजे इतकी वर्षं त्या काठाला मीच उभी हाय की रं. आणि थांब म्हणणारा निघून गेला."

त्यानंतर आत्या 'मुळात' म्हणेनाशी झाली. रस्सा पातळ असला तरी निमूट खायची. समोरच्या सुनेने तर मला जिन्यात गाठून विचारलं, "आत्यांना बरं नाही का? आठ दिवसांत मला काही बोलल्या नाहीत." मी काही चुकीचं केलं असं मला वाटलं नाही, तिने विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. पण संध्याकाळी तिला गुपचूप ओवताना पाहिलं की मी पुस्तक मिटून तिच्या शेजारी फुलं निवडायला बसायचो. पुढे मी एम.ए.ला पुण्याला आलो. इथल्या खोलीत परतलो की हातपाय धू म्हणणारं कोणी नाही, तरी मी आधी हातपाय धुतो. फुलांच्या दुकानावरून जाताना उगाच थांबतो. दादांना फोनवर दर वेळी विचारायचो, आत्या कशी आहे? ते दर वेळी म्हणायचे, "बरी हे." वडिलांच्या 'बरी हे' मधून काही काढून घेणं अवघड असतं.

गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. आवाज जरा गोंधळलेला होता.

"आत्याकडं हल्ली लय गर्दी असते," ते म्हणाले. "गल्लीतल्या बाया संध्याकाळी फुलं ओवायला तिच्याकडंच बसतात. काहीतरी गोष्ट सांगते त्यांना. मला चहासुद्धा थंड देते. तुला एक निरोप दिलाय तिनं."

"काय?"

"आता ही कोण माळीण, मला माहीत नाय. आपल्या गावातली हे का रे?"

"हो, दादा. आपल्यातलीच."

"हां. तर तिला न्यायला कोणी आलं नाय म्हणे. मंग तिनं पाटी उचलली, आणि आपली आपणच दरी उतरून पलीकडं गेली. नदी लागली तिला. आधी हातपाय धुतले म्हणे." मागे कोणीतरी त्यांना काही सांगत होतं, आवाज ओळखीचा होता. "आणि हे बघ, ती म्हणते, मुळात असंच हाय म्हणून सांग."