सासऱ्यांनी ताब्यात घेतलेली भट्टी

सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे श्टुटगार्टला आले आणि दुसऱ्याच शनिवारी बाबा, म्हणजे माझे सासरे, घरातून नाहीसे झाले. चपला नाहीत, माकडटोपी नाही. मी बाल्कनीतून वाकून पाहिलं, तर स्वारी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या बागेत उभी, आणि शेजाऱ्यांच्या लाडक्या लोखंडी भट्टीचं दार बाबांच्या हातात!

या शेजाऱ्यांबद्दल सांगायला हवं. निवृत्त गणित शिक्षक, माणूस अत्यंत शिस्तीचा. पण निवृत्तीनंतर सहा आठवडे अमेरिकेत फिरून आले आणि पार बदलले. तिथे त्यांनी फक्त बार्बेक्यू खाल्लं होतं. जिन्यात भेटले की मला धरून सांगायचे, टेक्सासमध्ये मांसाला नुसतं मीठ-मिरी, कॅरोलायनात व्हिनेगर, कॅन्सस सिटीला गोड दाट सॉस, मेम्फिसला फासळ्यांना कोरडा मसाला. "आणि प्रत्येक भट्टीपाशी एक म्हातारा असतो. तो काही बोलत नाही, पण त्याला सगळं कळतं." मग त्यांनी तसलीच भट्टी आणली. एका बाजूला लाकडं जाळायची पेटी, मध्ये आडवं पिंप, टोकाला धुराडं. त्यातून मांस निघायचं ते काळं आणि कडूजहर, आणि हे गृहस्थ ते निष्ठेने खायचे.

मी धावत खाली गेले. "अहो बाबा, न विचारता दुसऱ्यांच्या बागेत काय शिरलात?"

"न विचारता कसा? मी वरून हात केला, तर हे म्हणाले, या, या! दोनदा म्हणाले."

जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'. पण ते आता कोणाला समजावणार? बाबांनी सांगलीकडच्या साखर कारखान्यात सदतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला. भट्टी चुकीची पेटलेली बघणं त्यांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं.

"ह्यांना सांग, धूर पांढरा येतोय. म्हणजे जळण घुसमटतंय. लाकूड कमी करा आणि खालून हवा द्या."

मी सांगितलं. शेजारी ताठ होऊन म्हणाले, "पुस्तकात झडप अर्धी बंद ठेवायला सांगितलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याला इथे बोलवा म्हणावं," असं म्हणत बाबांनी झडप उघडली, दोन लाकडं चिमट्याने बाहेर काढली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. पाच मिनिटांत धूर विरळ झाला, मग जवळजवळ दिसेनासा, निळसर. शेजारी धुराड्याकडे बघतच राहिले. "ब्लाउ," ते पुटपुटले. "निळा!" टेक्सासच्या म्हाताऱ्याने त्यांना हाच धूर दाखवला होता. दोन वर्षं तो त्यांना सापडत नव्हता. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरून इतके हलवले, की बाबांची टोपी डोळ्यांवर आली.

त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की बाबा खाली. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती, तरी तासन्‌तास गप्पा चालायच्या. बाबांनी जन्मात मांस खाल्लेलं नाही, हे शेजाऱ्यांना आठवड्यानं कळलं.

"कधीच नाही?" त्यांनी मला विचारलं.

"कधीच नाही."

त्यांनी बराच विचार केला. "गेनाऊ! अगदी बरोबर!" ते एकदम ओरडले. "म्हणूनच त्यांना घाई नसते!"

जुलैमध्ये नेकार नदीकाठच्या एका गावात अमेरिकन पद्धतीच्या बार्बेक्यूचा उत्सव होता. फुटबॉलच्या मैदानावर तंबूच तंबू, आणि फासळ्यांची स्पर्धा. दुपारी एकच्या ठोक्याला फासळ्यांचा डबा परीक्षकांच्या टेबलावर हवा. एक मिनिट उशीर झाला तर बाद. आमचा संघ असा: मसाला शेजाऱ्यांकडे, आग बाबांकडे, दुभाषी मी आणि धपाट्यांचा डबा घेऊन सासूबाई.

सकाळी आठला भट्टी छान लागली आणि नऊला पाऊस आला. सगळीकडची लाकडं भिजली. एकेका तंबूतून पांढरे लोट उठायला लागले. बाबांनी मात्र आमची लाकडं पहिल्यापासूनच पेटीच्या डोक्यावर शेकायला ठेवली होती. आमचा धूर निळाच. मी आनंदाने अक्षरशः उड्या मारत होते. शेजारच्या तंबूत कोलोनहून आलेल्या दोघी बहिणी होत्या. त्यांच्याकडे चार थर्मामीटर आणि एक अॅप, पण आग विझत चाललेली. बाबांना ते बघवेना. ते निघालेच.

"थांबवा त्यांना!" शेजारी मला म्हणाले. "ते आपले प्रतिस्पर्धी आहेत!"

मी भाषांतर केलं. बाबा वळले. "बॉयलर बंद पडत असताना कोणी गप्प बसतं का? आमच्या लायनीत असं करत नाहीत."

शेजाऱ्यांनी एक सुस्कारा सोडला, आमची दोन शेकलेली लाकडं उचलली आणि बाबांच्या मागोमाग गेले. मग काय, तंबूतंबूतून हाका सुरू. "हेर बाबा! हेर बाबा!" हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. बाबा चिखलातून धोतराचा सोगा सावरावा तशी पॅंट सावरत पळतायत, मागून छत्री धरून गणिताचे मास्तर, त्यांच्यामागे धापा टाकत मी. सासूबाई खुर्चीत बसून हसून हसून डोळे पुसत होत्या. "अहो, पडाल! ह्या वयात काय हे!"

निकाल लागला. कोलोनच्या बहिणी पहिल्या. आम्ही सातवे. मी भीत भीत शेजाऱ्यांकडे पाहिलं, तर ते दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या वाजवत होते. "सातवे! गेल्या वर्षी मी शेवटचा होतो!"

बहिणींनी बाबांना ओढत मंचावर नेलं आणि हातात माइक दिला. बाबा जरा गांगरले, मग खणखणीत मराठीत म्हणाले, "नमस्कार. मी इथलं काहीही खाल्लेलं नाही. पण वास उत्तम येतोय. आग सगळ्यांनी चांगली सांभाळली." मी जर्मनमध्ये सांगितलं. सगळं मैदान बाक बडवायला लागलं. बाबांनी हात जोडले. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "कारखान्यात रिटायर झालो तेव्हा नारळ दिला होता. भाषण कोणी करू दिलं नव्हतं."

शेजारी भट्टी घेऊन ट्रेलरने मागून येणार होते. आम्ही तिघं एसबानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, चढलो, नखशिखांत धुरकट. समोरच्या बाईंचा तपकिरी कुत्रा उठला, त्याने बाबांचे बूट हुंगले आणि त्यांच्या पायावर डोकं टाकून डोळे मिटून बसला. बाई ओशाळून त्याला ओढत होत्या, तो हलेना.

"असू दे," बाबा त्यांना मराठीत म्हणाले आणि हात खाली नेऊ लागले.

"त्याला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि घरी गेल्यावर आधी अंघोळ."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि कुत्र्याचा कान खाजवला.