उणे सात प्रवासी आणि मिठाचा डबा

"विचारायचं. हात घालायचा नाही."

मास्तर दिवसातून वीस वेळा तरी हे म्हणत. भाजीच्या ढिगात हात घालणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणत, झोपेत कूस बदलताना म्हणत. एकदा दाढ काढायला गेले, तर दाताच्या डॉक्टरलाही म्हणाले. डॉक्टरने बिचाऱ्याने विचारलं, "काढू का?" मास्तर "नको" म्हणाले आणि सुजलेला गाल घेऊन घरी आले.

मास्तर म्हणजे कॉम्प्युटरचे मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत चार जुनी यंत्रं, एक फळा, दोन बाकडी. मागे स्वयंपाकघर. मध्ये भिंत नव्हती, पडदा होता. त्यामुळे फोडणीचा वास शिकणाऱ्यांच्या नाकात जाई आणि मास्तरांचं शिकवणं बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, कानात. एकवीस वर्षं ते असंच झिरपत होतं, जमिनीत पाणी झिरपावं तसं, आवाज न करता.

यंदा सहा जण शिकायला होते, सगळे कामधंद्यातले. बसचा कंडक्टर, एक शिंपीण, निवृत्त पोस्टमन आणि औषधांच्या दुकानातले तिघे, जे एकत्र येत आणि एकत्रच जांभई देत. प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे घराचा नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या नकाशावरून बांधलेलं घर, इथवर सहाही जण आले. पुढे कशाला कुणी हात लावायचा ते ठरवणारे तीन शब्द लागले, पब्लिक, प्रोटेक्टेड आणि प्रायव्हेट, आणि पूर आलेली नदी बघून बैल थांबावेत तसे सगळे पाय रोवून उभे राहिले.

कंडक्टरने बसचा क्लास लिहिला होता. त्यात प्रवाशांचा आकडा त्याने पब्लिक ठेवला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कुणीही यावं आणि आकडा फिरवून जावं. मंगळवारी यंत्राच्या पडद्यावर उमटलं : प्रवासी उणे सात.

"उणे सात म्हणजे काय हो?" मास्तरांनी विचारलं.

"सात जण चढायचे राहिलेत," कंडक्टर म्हणाला. "माझ्या बसला हे रोजचंच आहे."

एरवी बाई पडद्यामागे हसल्या असत्या. पण त्याच दिवशी क्लासला परवानगी देणाऱ्या केंद्राचं पत्र आलं होतं. शनिवारी परीक्षक येणार. सहापैकी निदान चार जणांना हे तीन शब्द समजावून सांगता आले नाहीत, तर क्लासची परवानगी रद्द. आणि क्लास गेला, की मास्तरांना बाईंच्या भावाच्या रंगाच्या दुकानात बसावं लागणार. भाऊ वाईट नव्हता. पण तो उपकार करायचा तेव्हा आधी चार माणसं गोळा करायचा. त्या चार माणसांसमोर आपला नवरा डबे हलवतोय, हे चित्र बाईंच्या डोळ्यांपुढून हलेना.

मास्तरांनी त्यावर उपाय काढला. बुधवारी सकाळी त्यांनी सगळ्या घराला चिठ्ठ्या डकवल्या. हिरवी म्हणजे पब्लिक, कुणीही वापरा : पाण्याचा माठ, बाकडी, दारावरची घंटा. पिवळी म्हणजे प्रोटेक्टेड, घरचे आणि घरच्यांचे वारस एवढ्यांनाच : सायकल, शिडी, दारामागचा खिळा. लाल म्हणजे प्रायव्हेट, आतल्या माणसाशिवाय कुणी नाही : कपाट, मिठाचा डबा. एक लाल चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या सदऱ्यावरही लावली.

"डोकं दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"ही माहिती प्रायव्हेट आहे. ती विचारायची सोय केलेली नाही."

"आणि मी कोणत्या रंगाची?"

"तू क्लासच्या आतली. आतल्याला सगळं मोकळं."

"म्हणूनच तुमचा चष्मा रोज मला सापडतो वाटतं. बरं, जावई आले तर?"

मास्तर फळ्याकडे वळले. लेक वारस, तिला पिवळं चालेल. जावई वारस की बाहेरचा? हा प्रश्न त्यांनी दिवसभर फळ्यावर ठेवला. संध्याकाळी त्याखाली उत्तर लिहिलं : जावयाने लेकीमार्फत मागावं.

"म्हणजे आत्ता चाललंय तसंच," बाई म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या.

गुरुवारी भाऊ शिडी न्यायला आला. वीस वर्षं नेत होता, कधी विचारलं नव्हतं. मास्तर आडवे आले.

"पिवळी आहे."

"कावीळ झालीय का शिडीला?" भाऊ म्हणाला.

"तू या घरातला नाहीस आणि या घराचा वारसही नाहीस. बाहेरचा आहेस. नियम म्हणजे नियम."

"ताई, ऐकतेस ना?" भावाचा चेहरा त्याच्या दुकानातल्या सगळ्या छटा दाखवून गेला. "भाऊजी, आता दुकानातली खुर्चीसुद्धा पिवळीच समजा!"

तो पाय आपटत गेला. बाई दारापर्यंत धावल्या, पण तो वळला नाही. नको असलेली का होईना, ती एक वाट होती. तीही नवऱ्याने स्वतःच्या हाताने बुजवली. आता शनिवार तारेल तर तारेल.

शुक्रवारपर्यंत रंग सगळ्यांना पाठ झाले. औषधवाले तिघे तर एका सुरात म्हणून दाखवत. पण कंडक्टर उठला आणि म्हणाला, "मास्तर, कोण काय वापरू शकतं ते कळलं. पण लपवायचंच कशाला? माझी बस काय चोरी करते?"

मास्तरांनी खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. फळ्यावर एक चौकोन काढून पुसला. पडद्यामागे बाईंना राहवेना. त्या मिठाचा डबा घेऊनच बाहेर आल्या.

"कंडक्टर, हे बघा. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकाच भाजीत सासूबाईंनी मीठ घातलं, यांनी घातलं आणि मीही घातलं. प्रत्येकाला वाटलं, राहिलंय. ती भाजी कुत्र्यानेसुद्धा हुंगून सोडली. तेव्हापासून या डब्याला माझ्याशिवाय कुणाचा हात नाही. कुणाला कमी-जास्त हवं असेल तर मला सांगायचं. सांगायला कुणालाही बंदी नाही. पण कुणी म्हणालं, दहा चमचे घाल, तर मी घालीन का?"

"नाही घालणार, काकू."

"डबा लपवलाय तो चोरांच्या भीतीने नाही. भाजी बिघडली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून."

कंडक्टरने डब्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे मला सांगायचं, एक चढला. मला सांगायचं, एक उतरला. आकडा मी बदलणार."

"आणि बस रिकामी असताना कुणी म्हणालं, उतरला?"

"हाकलून देईन!"

तो यंत्रापाशी धावला. आकडा प्रायव्हेट केला, चढणं-उतरणं पब्लिक ठेवलं, आणि मग उतरवायला लागला. तीन, दोन, एक, शून्य. पुढे कितीही बटणं दाबली तरी शून्य.

"थांबली हो बस!"

"मग माझी कात्री प्रोटेक्टेड," शिंपीण एकदम म्हणाली. "शेजारणीच्या हाती देत नाही, पण लेक न विचारता घेते. उद्या नातही घेईल."

मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते.

शनिवारी परीक्षक आले. ते माठातलं पाणी प्यायले तोवर ठीक होतं. मग दारामागच्या खिळ्याला पिशवी अडकवली, आणि सहाही जणांनी श्वास रोखला.

"साहेब, त्या खिळ्याचे आपण वारस नाही," पोस्टमन अदबीने म्हणाला.

पिशवी मांडीवर घेऊन परीक्षकांनी तासभर प्रश्न विचारले. सहाही जण उत्तरले. पण जो तो मीठ, कात्री आणि सासूबाईंची भाजी सांगे. केंद्राच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं.

"उत्तरं बरोबर आहेत," परीक्षक म्हणाले. "पण हे तुम्हाला समजावलं कुणी?"

बाई पडद्याआड उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. 'मी' म्हणा, एवढं एक 'मी' म्हणा, त्या मनात म्हणत होत्या.

"मी फळ्यावर लिहिलं," मास्तर म्हणाले. "समजावलं हिनं."

"परवानगीवर समजावणाऱ्याचंच नाव लागतं," परीक्षक म्हणाले.

"मग तेच लावा." मास्तरांनी परीक्षकांपुढच्या परवानगीच्या अर्जावरचं आपलं नाव खोडलं, आणि पेन पडद्याच्या फटीतून आत धरलं.

"अहो, मला टायपिंगसुद्धा येत नाही!"

"टायपिंग मी करतो, काकू," कंडक्टर म्हणाला. "तुम्ही नुसतं बोला."

बाईंनी सही केली. क्लास वाचला होता. त्यांनी मान वर केली, तर मास्तर चपला घालत होते.

"आत्ता कुठे निघालात?"

"तुझ्या भावाकडे. शिडीवरून वाकडं बोललो, ते आधी निस्तरतो. क्लास आता तुझा, तेव्हा मग दुकानात बसायला जागा आहे का बघतो. रंग मिसळायला डोकं लागतं म्हणतात."

"चार माणसं जमवील तो."

"जमवू दे. मला फळ्यासमोर उभं राहायची सवय आहे."

ते पायरी उतरले आणि रस्त्याच्या सावलीच्या कडेने चालू लागले. समोरून हातगाडी आली, तिला त्यांनी वाट दिली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे खिडकीच्या गजांना सहाही जण चिकटले होते, आणि परीक्षकही, पिशवी कवटाळून.

"काकू, मास्तरांचा डावा पाय आत वळतो," कंडक्टर म्हणाला. "कधी लक्षातच आलं नव्हतं."

मास्तर कोपऱ्यावरच्या सायकल दुकानापर्यंत गेले, तिथे क्षणभर थांबले, सदरा खाली ओढून नीट केला आणि रंगाच्या दुकानाकडे वळले.