गळतीचे गणित

मी मेंदू बनवते, अशी माझी आमच्या गावात, केनवडमध्ये, ख्याती आहे. खरे काम इतके भव्य नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश देतात, त्याची नक्कल करणारी डिजिटल सर्किटे मी आखते. प्रत्येक पेशी म्हणजे एक आकडा. संदेश आला की तो वाढतो, नाही आला की गळत जातो. लागोपाठ संदेश येऊन आकडा ठरलेल्या पातळीला पोचला, तरच पेशी पुढे काही कळवते. एरवी गप्प बसते आणि वीज वाचवते.

"त्यात काय मोठं?" मावशी म्हणाली होती. "आमी तं लाईन नसली तरी चालतो."

आईला विसर पडू लागला, तेव्हा मी घरून काम करायची परवानगी काढून गावी आले. आई मला सोडून सगळ्यांना ओळखायची. दूधवाल्याला तर नुसत्या आवाजावरून. मावशीने विचारलेच, "जगाचे मेंदू बनवून राह्यली, मंग मायले काहून नाही बसवून देत एखादा?"

वाशीमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि धीर धरायला सांगितले. धीर त्यांच्यासाठी ठीक होता. माझ्याकडे विज्ञान होते. आकडा गळायच्या आत पुन्हा संदेश द्यायचा, एवढेच. एका सकाळी मी तिच्यासमोर बसले आणि सुरू केले, "मी तुझी पोरगी. मी तुझी पोरगी. मी तुझी पोरगी."

तिने सगळे ऐकून घेतले. "आयकू येते मले. बहिरी नाही मी."

"मग सांग, मी कोण?"

"आतालोक तूच सांगून राह्यली ना वं? तुले नाही का म्हाईत?"

संशोधनाची ती फेरी तिथेच संपली. मग मी पातळी खाली आणली. ओळख नको, नुसता संशय आला तरी चालेल. पण आईने दूधवाल्याला सांगितले, "बाई चांगली हाये, पन बडबड लय करते."

ती एका दुपारी गेली. मी जवळच बसले होते. तिने माझ्याकडे पाहिले. खिडकीकडेही तितकेच पाहिले.

भेटायला आलेल्या बायकांना मावशी सांगत होती, "जाताना पोरीले वळखलं तिनं. मी पाह्यलं ना!" आई गेली तेव्हा मावशी मालेगावच्या बसस्टँडवर होती. आमच्या कामात अशा संदेशाला गोंगाट म्हणतात. तो गाळण्यासाठीच मला पगार मिळतो.

एका बाईने माझ्याकडे वळून विचारले, "हो का वं?"

"हो," मी म्हणाले. "वळखलं."