नकाशाची अलाबला

किनवटच्या गाडीत समोर बसलेल्या त्या बाईंचे नाव मी विचारले नाही. त्यांची लेक आंध्रच्या किनाऱ्यावर नांदत होती आणि चक्रीवादळ तिकडेच निघाले होते.

“दादा, कुठवर आलं, बघा की.”

मी मोबाईलवरचा नकाशा पुढे धरी. लेकीच्या गावावरून त्या दोन्ही हात ओवाळीत आणि कानशिलांवर बोटे मोडीत.

गाडीने भोकर सोडल्यावर वादळ वळलेले दिसले.

“तुमची लेक वाचली,” म्हणत मी मोबाईल खिशात ठेवू लागलो.

“थांबा. आता कुठं चाललंय?”

मी उत्तरेचे एक गाव दाखवले. त्यांनी तितक्याच मायेने त्याचीही अलाबला घेतली.

“तिथं बी कुणाची लेक असंलच की.”

मग निवांतपणे शिदोरी सोडून त्यांनी मलाही भाकरी दिली. ती गोड लागली. खिशाकडे गेलेला माझा हात मात्र अजून आठवतो.