जिभेला कसली लाज

आमच्या थोरल्या साडूभाऊंच्या जिभेवरून न जाता त्यांच्या घरात शिरलेला एक तरी जिन्नस कुणी दाखवला, तर मी मिशी उतरवून ठेवीन. कळंबच्या बाजारात शेंगा घ्यायच्या तर हे आधी मूठभर खाणार, गुळाच्या ढेपेचा कोपरा मोडणार, ज्वारीचे दाणे दाढेखाली फोडून "वल हाय अजून" असं सांगणार. एकदा तर त्यांनी सरकी पेंडीचा चुरा तोंडात टाकला आणि "म्हस नाक मुरडंल" असा निकाल दिला. अशा वेळी मी शेजारच्या दुकानातल्या बादल्या बघत, ह्या गृहस्थांची आपली ओळख नाही असा चेहरा करून उभा राहायचो. शरमेनं माझे कान तापायचे. ते मात्र खुशाल म्हणायचे, "पावणं, जिभंला कसली लाज?" आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, त्यांनी चाखल्याशिवाय काही डब्यात भरत नसत.

यंदा अक्कांचा बसलेला घसा काही केल्या सुटेना. पुण्याच्या लेकीनं फोनवर मनुका मध आणायला सांगितलं, म्हणून साडूभाऊ मला घेऊन धाराशिवच्या नव्या चकचकीत दुकानात गेले. हा मध बेदाण्यांचा नव्हे, परदेशातल्या मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांचा. बाटल्यांवर आकडे होते. दुकानातली पोरगी म्हणाली, "आकडा वाढला की कस वाढतो, चव उग्र होते आणि किंमतही चढते."

"म्हंजी मोटरीवानीच की! पाचाची, धाची, पंधराची," साडूभाऊ म्हणाले. "पानी किती वर चढवायचं, तशी घ्यायची." पोरगी हसली, मी बिस्किटांकडं बघायला लागलो. तिनं चमच्यानं चव दिली. पाचाचा चाखून ते म्हणाले, "झ्याक." पंधराचा चाखूनही तेच.

"हा कडवट नाही लागला?" पोरीनं विचारलं. साडूभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं.

"तुमी चाखा, पावणं. मागं ताप आला तवापसून जिभंला काय बी कळंना. तुमच्या अक्काला ठाव न्हाय. वंगाळ घेऊन गेलो तर उघडं पडंल समदं."

त्यांना लाजलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते बघवत नव्हतं. मी चमचा घेतला. पंधराचा औषधासारखा घशात धरला. दहाचा बरा होता, पण किमतीत न परवडणारा. पाचाचा मऊ होता, मागून जरासा काकवीचा वास. "हाच घ्या, अक्कांना उग्र सोसत नाही," मी म्हणालो.

घरी अक्कांनी बोट चाटून पाहिलं आणि साडूभाऊंना म्हणाल्या, "ब्येस निवडलाव." मग आम्ही जेवायला बसलो. इतक्या वर्षांत कधी नाही ते अक्कांनी भाजी साडूभाऊंच्या आधी माझ्या ताटात वाढली आणि मला विचारलं, "पावणं, मीठ बरूबर हाय का?" साडूभाऊ मान खाली घालून भाकरी मोडत राहिले.

तेव्हापासून बाजारात मूठभर शेंगा मी तोंडात टाकतो. दुकानदार रोखून बघतो, कान तापतात, तरी "खवट हायेत" म्हणून मोठ्यानं सांगतो. आणि साडूभाऊ शेजारच्या दुकानातल्या बादल्या बघत, माझी ओळख नसल्यासारखे उभे असतात.